बांग मालसुक यांची सात महिन्यांची शेठगिरी

बांग मालसुक आयुष्यात एकदाच शेठ झाली, आणि तीसुद्धा पाय घसरून. सत्तावीस वर्षं ती मालसुक होती, गिऱ्हाइकांची मावशी होती, आणि घाईच्या वेळी नुसतीच "ए, इकडे" होती. मग एका नोव्हेंबरात ती ओल्या फरशीवर बुडावर आपटली आणि चौथ्या दिवशी तिच्या मालकानं स्वतःच्या तोंडानं तिला शेठ करून टाकलं. इतकी झटपट बढती योंगदो बेटावर त्याआधी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

बेटावरच्या गोदीमागं जो चढ आहे, त्याच्या मध्यावर ओक्सू हमाम आहे. तळमजल्यावर बायका, वरच्या मजल्यावर पुरुष, आणि दोघांच्या मधे जिन्यापाशी काचेच्या खोपटात मेंग शेठ. बायकांच्या बाजूला, गरम हौद आणि थंड हौद यांच्या मधल्या कोपऱ्यात, गुलाबी रेक्झिन लावलेलं एक उंच टेबल होतं. ते मालसुकचं. बायका अर्धा तास गरम पाण्यात भिजून, लाल होऊन, त्या टेबलावर येऊन पडायच्या आणि मालसुक हातात हिरवा खरखरीत हातमोजा चढवून त्यांच्या अंगावरचा मळ काढायची. मानेपासून टाचेपर्यंत, समोरून, पाठीवरून, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर. कामाचा गणवेश म्हणजे काळे आतले कपडे. त्याहून जास्त काही त्या वाफेत अंगावर राहतच नाही.

मालसुक या नावाचा अर्थ शेवटची. चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा तिच्या आजोबांनी देवाला आठवण म्हणून ते ठेवलं होतं. देवानं ती मनावर घेतली नाही आणि सहावीही मुलगी झाली. नाव मात्र मालसुकला चिकटलं ते चिकटलं. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. तो गेल्यावर तिनं एकुलत्या एका मुलीला, मिरानला, दुसऱ्यांच्या पाठी घासून वाढवलं. स्वतःच्या पाठीकडे बघायला तिला वेळ नव्हता. पाठ कुणालाच स्वतःची दिसत नाही म्हणा.

टेबलाची जागा मिळवायला तिनं मेंग शेठना पागडी दिली होती, टेबल सोडलं की परत मिळणारी. पाठी घासायची जागा पागडीवरच मिळते, सगळ्याच हमामांत. म्हणजे काम करायला मिळावं म्हणून आधी पैसे द्यायचे, मग काम करायचं, आणि वर पहाटे पाच वाजता, गिऱ्हाइकं यायच्या आत, सगळ्या फरश्या सोडा टाकून घासायच्या, हौद उपसायचे, नळ पुसायचे. या फरशी घासण्याचे वेगळे पैसे नव्हते. "आपलंच घर समजून करायचं," असं मेंग शेठ म्हणायचे. मालसुकनं सत्तावीस वर्षं ते आपलंच घर समजून केलं. फक्त त्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि सुट्टीही त्यांनाच विचारावी लागायची. आई वारली तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं दोन दिवस दिले होते, आणि तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला होता, की सणाची गर्दी आहे, दुःख जरा आवरतं घे.

मेंग शेठना हमामाच्या स्वच्छतेचा फार अभिमान. वेड म्हटलं तरी चालेल. हमाम उघडा असताना बायकांच्या भागात त्यांना जाता येत नसे, म्हणून त्यांनी छताला एक स्पीकर बसवून घेतला होता. खोपटात बसून ते माइकवर बोलायचे आणि खाली वाफेत त्यांचा आवाज घुमायचा: "मालसुक, तीन नंबरच्या शॉवरखाली केस अडकलेत म्हणे." "मालसुक, कुणीतरी दह्याचं पाणी सांडलंय, धू." बायका हसायच्या. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या असताना आभाळातून असा आवाज आला की काही जणी उगीचच छातीवर हात धरायच्या.

ती पडली ते दिवस किमचीचं, म्हणजे कोबीचं लोणचं घालण्याचे होते. बेटावरच्या समस्त बायकांनी शेकडो कोबी मीठ लावून उलटेपालटे केलेले, कंबरा मोडलेल्या, म्हणून हमामात झुंबड उडाली होती. टेबलावर यॉम बाई होत्या. यॉम बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या उपमुख्याध्यापिका. अजूनही रांगेत कुणी वाकडं उभं राहिलं की त्या खाकरतात. त्यांची उजवी बाजू झाली होती, डावी बाकी होती. साडेदहा वाजून गेले असतील. तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"मालसुक, थंड हौदापाशी शाम्पू सांडलाय. तक्रार आली आहे. आत्ता धू. आत्ता."

मालसुक म्हणाली, "बाई, दोन मिनिटं हं."

"जा, जा," यॉम बाई कुशीवर पडल्या पडल्या म्हणाल्या. "पण वेळ लावू नकोस. एका बाजूला मी गारठत्ये."

मालसुकनं बादली घेतली, ब्रश घेतला, शाम्पूवर पाणी ओतलं. शाम्पूवर पाणी ओतल्यावर जे होतं ते झालं. टाच सुटली, आणि ती हौदाच्या पायरीच्या कडेवर अशी काही बसली, की गरम पाण्यातल्या सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या. कमरेत कुठेतरी ओली फांदी मोडावी तसं झालं.

"अगं बाई! मावशी, लागलं?"

"छे छे छे." मालसुक उठून बसलीसुद्धा. "माझीच चूक. कुणाच्या अंगावर उडालं नाही ना?"

आता इथं तिनं तिथंच आडवं पडून राहायला हवं होतं, मोठ्यानं ओरडायला हवं होतं, रुग्णवाहिका बोलवायला सांगायला हवं होतं. ज्यांना भरपाई मिळते ती माणसं असंच करतात. पण टेबलावर यॉम बाई अर्ध्या घासलेल्या होत्या. अर्धी घासलेली बाई टेबलावर सोडायची, हे मालसुकच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. एका गालाची दाढी करून न्हाव्यानं घरी जावं तसं ते झालं असतं. तिनं उरलेली फरशी धुतली, टेबलाला हात टेकत टेकत उभी राहिली आणि यॉम बाईंची डावी बाजू घासली. त्यानंतर आणखी दोघी. संध्याकाळी हौदही उपसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठायला गेली आणि डावा पाय उठलाच नाही. कमरेपासून घोट्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं होत होतं आणि पावलात मुंग्या. चौथ्या दिवशी ती मिरानच्या खांद्यावर रेलून मेंग शेठकडे गेली. रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून वाटेत नाशपातीच्या रसाचं खोकं घेतलं. सुट्टी मागायला, आणि गैरसोय झाली त्याबद्दल क्षमा मागायला.

"शेठ, आठवडाभर विश्रांती घेतली तर चालेल का?"

मेंग शेठनी खोकं घेतलं, काउंटरखाली ठेवलं, आणि कधी नव्हे ते उभे राहिले.

"बांग बाई, असं काय विचारता? मी कोण परवानगी देणारा? पागडी तुम्ही दिलीत, टेबल तुमचं, धंदा तुमचा. तुम्ही स्वतःच शेठ आहात. एका शेठनं दुसऱ्या शेठला सुट्टी मागायची असते का?"

मालसुकला गहिवरून आलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बघ, किती मानानं बोलले."

मिरान मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात पाळीची प्रमुख होती. तिथं वर्षाला दोन-तीन जण तरी घसरतात. ती म्हणाली, "आई, तुझं मागणं त्यांनी हातात यायच्या आधीच झटकलंय. आणि वर तुझ्याकडून रस घेतलाय."

इस्पितळात त्या मोठ्या नळकांड्यात घालून फोटो काढले. चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली गादी बाहेर आली होती आणि डाव्या पायाच्या शिरेवर बसली होती. डॉक्टर तरुण होते, फोटोकडे बघत बोलायचे.

"काम काय करता?"

"पाठी घासते."

"किती वर्षं?"

"सत्तावीस."

"मग झीज असणारच," डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर पहिला शब्द लिहिला तोच 'झीज'. पडल्याचं तिनं सांगितलं. तेही त्यांनी लिहिलं, पण खाली, लहान अक्षरात.

सहा खाटांच्या त्या खोलीत शेजारच्या खाटेवर गळपट्टा लावलेली एक बाई होती. सिग्नलला उभ्या असलेल्या तिच्या टॅक्सीला मागून एका गाडीनं 'मुका घेतला' होता. शब्द तिचाच. गळपट्टा ती डॉक्टरांच्या फेरीला लावायची आणि जेवताना काढून उशीखाली ठेवायची, कारण त्यानं शेवया गिळता येत नाहीत. विम्याचा माणूस पाचव्या दिवशी आला, नम्रपणे आला, आणि सही घेऊन गेला.

"कुठं पडलीस म्हणालीस?" तिनं सामान बांधता बांधता मालसुकला विचारलं.

"कामावर."

"आणि उठलीस?"

"उठले. गिऱ्हाईक अर्धं होतं."

त्या बाईनं तिच्याकडे फार करुणेनं पाहिलं. "ताई, पडायची काही पद्धत असते गं," ती म्हणाली आणि उरलेली संत्री तिला देऊन, मान डावीकडे उजवीकडे छान वळवत निघून गेली.

कामावरच्या अपघाताची भरपाई देणारं सरकारी कार्यालय आहे. मिराननं तिथं अर्ज भरला. भरपाई मिळायला दोन गोष्टी लागतात: माणूस कुणाच्या तरी हाताखाली कामाला असला पाहिजे, आणि काम करतानाच त्याला लागलेलं असलं पाहिजे. मिळाली तर शस्त्रक्रियेचा खर्च आणि घरी बसल्या दिवसांची मजुरी. नाही मिळाली तर मालसुकला कंबर घेऊन घरी बसायचं, आणि इलाज करायचा तर टेबलाची पागडी मोडून. पागडी मोडली की टेबल गेलं. टेबल गेलं की मालसुककडे उरणार एक हिरवा हातमोजा.

कार्यालयानं मेंग शेठना पत्र लिहून विचारलं. मेंग शेठनी सुंदर उत्तर पाठवलं. त्यात म्हटलं होतं, की श्रीमती बांग मालसुक या स्वतंत्र व्यावसायिक असून आमच्या जागेत त्यांचा स्वतःचा उद्योग आहे. आम्ही त्यांना कधीही कोणतीही सूचना देत नाही. त्या कधी येतात, कधी जातात, हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न. त्या पडल्याचं आमच्या कानावर नाही. पडल्या असत्या आणि दोष आमचा असता, तर त्या आमच्याकडे फळांचा रस घेऊन कशाला आल्या असत्या?

मिराननं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मालसुक उशीला टेकून ऐकत होती.

"उद्योग," ती म्हणाली. "ऐकलंस? तुझ्या आईचा उद्योग आहे."

"हो ना. मग उद्योगपतीण बाई, साक्षीदार कोण आहे तुमच्याकडे?"

साक्षीदार तर होत्याच. हमामात महिन्याचा पास काढून रोज येणाऱ्या सात-आठ जणींची टोळी होती. त्या सगळ्या त्या वेळी गरम हौदात होत्या. मिरान एकेकीच्या घरी गेली. आणि तेव्हा असं आढळून आलं, की त्या दिवशी हमामात भयंकर वाफ होती.

"काय सांगू मिरान, हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती."

"वाफ गं. नुसती वाफ."

"धप्प झालं खरं. पण बादली असेल. वाफ होती ना."

याच बायका त्या हौदात बसून पलीकडच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईचं वजन किती वाढलंय ते किलोत सांगायच्या. कुणाच्या सुनेच्या पोटावर कुठल्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे आणि तो कुणी वाकडा शिवलाय, हे त्यांना वाफेतून स्पष्ट दिसायचं. पण मालसुक दिसली नाही.

कारण साधं होतं. पासवाल्या बायकांच्या टोपल्या हमामातच राहतात. आत शिरल्या शिरल्या उजवीकडे एक लांब फळी आहे. तिच्यावर प्रत्येकीची साबण, तेल, कंगवा आणि हातमोज्याची टोपली, नाव लिहून. फळीवर जागा मिळायला वर्षं जातात. जिची टोपली फळीवर तिला हौदाच्या नळाजवळची बैठक, गार कॉफीच्या वाटणीत पेला, आणि गावच्या बातम्यांत मत. फळी मेंग शेठची. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त एके सकाळी फळीवर चिठ्ठी लागली: 'फळीची पुनर्रचना विचाराधीन आहे. व्यवस्थापन.' झालं. वाफ उतरली ती त्या चिठ्ठीतून.

यॉम बाईंनी मिरानला चहा दिला. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना जड जात होतं.

"मी कुशीवर होते," त्या म्हणाल्या. "तोंड भिंतीकडे. मी काही पाहिलं, असं मला लिहून देता येणार नाही."

"बाई, तुम्ही आम्हाला शाळेत शिकवायचात..."

"शिकवायचे," यॉम बाई म्हणाल्या. "तेव्हा माझी टोपली कुठेही नव्हती."

फेब्रुवारीत कार्यालयाच्या डॉक्टरांच्या मंडळाचं मत आलं. मंडळानं मालसुकला पाहिलं नव्हतं, तिचे फोटो पाहिले होते. मत असं, की गादीची झीज वयोमानानुसार दिसते. म्हणजे मालसुकचा मणका एकसष्ट वर्षं कुणाला न सांगता हळूहळू म्हातारा होत आला होता, आणि निव्वळ योगायोगानं त्याचं म्हातारपण त्या दिवशी पावणेअकरा वाजता, शाम्पूवर, पूर्ण झालं. शिवाय अर्जदार पडल्यानंतर दिवसभर काम करत होती असं ती स्वतःच म्हणते. गादी बाहेर आलेली व्यक्ती असं काम करू शकेल का, याचाही विचार व्हावा.

"खरं बोललीस ना," मिरान म्हणाली. "घे."

पण मिरान हटवादी होती. तिनं पुन्हा लिहिलं, दोनदा कार्यालयात जाऊन बसली, आणि शेवटी मार्चमधल्या एका मंगळवारी, हमाम बंद असतो त्या दिवशी, प्रत्यक्ष जागा पाहायला एक चौकशी अधिकारी आले. होंग त्यांचं नाव. चाळिशीचे, बारीक, घाबरट चेहऱ्याचे. बायकांच्या हमामात शिरायचं म्हणून कानापर्यंत लाल झाले होते, जरी आत कुणीही नव्हतं. पॅंट घोट्यावर दुमडून, मोजे खिशात घालून ते वही घेऊन उभे राहिले. मालसुक काठी टेकत आली होती, शेजारी मिरान. साक्षीदार म्हणून यॉम बाईंना बोलावलं होतं. त्या टोपल्यांच्या फळीकडे पाठ करून बसल्या.

मेंग शेठनी तयारी केली होती. फरशी कोरडी ठणठणीत. थंड हौदाच्या पायरीपासून दारापर्यंत रबराच्या जाळीदार चटया.

"या चटया कधीपासून आहेत?" होंग साहेबांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

होंग साहेब वाकले. एका चटईच्या कोपऱ्यावर दुकानाची किमतीची पट्टी होती. त्यांनी ती वाचली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"बांग शेठ यांचं हे टेबल," मेंग शेठ म्हणाले. त्यांनी 'बांग शेठ' असं तीनदा म्हटलं. "त्यांचा धंदा त्या बघतात. मी वर बसतो. खाली काय चालतं मला काय कळणार? बायकांचा भाग."

"यॉम बाई, आपण काय पाहिलंत?"

"वाफ होती," यॉम बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

होंग साहेबांनी तेही लिहिलं. आता संपलंच होतं. मालसुकनं काठीवरचा हात बदलला. पायात तार ओढली जात होती. मिराननं ओठ आवळले होते. होंग साहेबांनी जाता जाता थंड हौदाच्या कडेखाली, चटई पोचली नव्हती तिथं, बोट फिरवलं. बोट चोळून पाहिलं. आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, लिहिता लिहिता म्हणाले:

"फरशी... बुळबुळीत. स्वच्छता... असमाधानकारक."

"काय लिहिलंत?" मेंग शेठ म्हणाले.

"काही नाही, निरीक्षण."

"असमाधानकारक? ओक्सू हमाम?" मेंग शेठचा आवाज एकदम स्पीकरवाला झाला. "खोडा ते! अहो, हे ती बदली बाई आल्यापासूनचं आहे. ती काय घासते? हात फिरवते नुसता. ही मालसुक होती तेव्हा यायचं होतंत! रोज पहाटे पाचला मी इथं, या इथं, उभा राहून हिच्याकडून घासून घ्यायचो. एक फरशी राहिली तर परत पहिल्यापासून! सत्तावीस वर्षं! पाच वाजून पाच मिनिटांनी आली तर दिवसभर ऐकवायचो मी हिला!"

होंग साहेबांनी पेन थांबवलं नाही. फक्त वहीचं पान उलटलं.

"म्हणजे उघडायच्या आधी घासायचं. मग दिवसभर घाण होत असेल."

"दिवसभर? मी होऊ देतो? वर माइक कशाला आहे? एक थेंब सांडला की माझा आवाज! त्याच दिवशीचं बघा ना. या टेबलावर यॉम बाई होत्या, निम्म्या व्हायच्या होत्या, आणि इकडं शाम्पू सांडला. म्हटलं, मालसुक, आत्ता धू. गेली ना ती बाईंना तसंच सोडून! धुतलं ना! विचारा, विचारा यॉम बाईंना. सांगा हो बाई, या साहेबांना, माझ्या हमामात साबण किती वेळ पडून राहतो ते!"

यॉम बाईंनी मान वर केली. त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा मेंग शेठकडे.

"मी सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगताय, सांग म्हणून?"

"अहो सांगा ना!"

यॉम बाई उभ्या राहिल्या आणि पदर नसूनही पदर सावरल्यासारखं केलं. मग वर्गात वाचन घ्यावं तशा आवाजात त्या बोलल्या.

"दहा वाजून चाळीस मिनिटांनी मेंग शेठनी स्पीकरवरून हुकूम दिला. 'आत्ता' असं दोनदा. मालसुक गेली. मी डाव्या कुशीवर होते. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग ती पायरीवर पडल्याचा. बादली अशी पडत नाही. ती परत आली आणि माझी डावी बाजू घासली. मी सत्तावीस वर्षं तिच्याकडून घासून घेत्ये. उजवी बाजू नेहमीसारखी झाली. डावीला हात असा लागला, जसा आजारी मूल आईचे पाय दाबतं. मला वाटलं, गर्दीमुळे कामचुकारपणा करत्ये. मला राग आला. नेहमी मी तिला प्यायला दही देत्ये, त्या दिवशी दिलं नाही, आणि जाताना काउंटरवर तक्रार केली."

"केलीत ना!" मेंग शेठ विजयानं ओरडले. "आणि मी नोंदवली! एकही तक्रार मी सोडत नाही!" आणि कुणी काही म्हणायच्या आत ते जिना चढून गेले आणि तक्रारींची वही घेऊन आले. त्यांच्या स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात, तारीख वार घालून, लिहिलं होतं: 'यॉम बाई. डावी बाजू हलकी घासली. मालसुकला समज दिली. पुढल्या वेळी ऐकून घेणार नाही असं बजावलं.'

होंग साहेबांनी त्या पानाचा फोटो काढला. एक नाही, दोन काढले. मग मान लववून म्हणाले, "फार व्यवस्थित वही आहे."

"मग!" मेंग शेठ म्हणाले.

त्यांच्या लक्षात कधी आलं, हे सांगता येत नाही. साहेब मोजे घालत होते तोवर तरी आलं नव्हतं. ते दारापर्यंत सोडायला गेले आणि 'असमाधानकारक' खोडलं का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मालसुक मात्र गुलाबी टेबलाला टेकून उभी होती. तिला वेगळंच काहीतरी झालं होतं.

"मिरान," ती हळूच म्हणाली, "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं काम चांगलं म्हटलं."

"हो," मिरान म्हणाली. "त्यांना ते चांगलंच महागात पडणार आहे."

जूनमध्ये कागद आला. अर्जदार ही सूचना देणाऱ्या मालकाच्या हाताखालची कामगार असल्याचं आढळतं. मणक्यात वयाची झीज आहे, पण गादी बाहेर आली ती पडण्यानं. पडल्यावर लगेच डाव्या बाजूच्या कामातला जोर गेल्याचा त्याच दिवशीचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. शस्त्रक्रियेचा खर्च आणि घरी बसल्या दिवसांची मजुरी मंजूर. मालसुकनं तो कागद मिरानकडून तीनदा वाचून घेतला. 'कामगार' हा शब्द आला की ती मान डोलवायची. अशा रीतीनं सात महिन्यांनी तिची पदावनती झाली, आणि शस्त्रक्रिया होऊन पायावर उभी राहिल्यावर त्या आनंदात तिनं लाल घेवड्याचा थर दिलेल्या तांदळाच्या उकडलेल्या वड्या परातभर करून घेतल्या आणि हमामात वाटायला नेल्या. शेठगिरी गेली म्हणून गोड वाटणारी ती बेटावरची पहिलीच बाई असावी.

हमामात त्या दिवशी वाफ अजिबात नव्हती.

"मी तर पहिल्यापासून म्हणत होते," गरम हौदातून एक जण म्हणाली, वडी चावत. "मावशी कशी धाडकन पडली, मी डोळ्यांनी पाहिलं!"

"मी हात पुढे केला होता धरायला!"

"पायरी आहेच मेली तसली."

यॉम बाईंनी दह्याची बाटली मालसुकपुढे ठेवली. मग म्हणाल्या, "माझी डावी बाजू नोव्हेंबरपासून राहिलीय."

"ती आता दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, बाई. मला डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय, टेबल सोडलं मी."

फळीवर, यॉम बाईंच्या टोपलीशेजारी, एक नवी टोपली होती. नाव मालसुकचं. मेंग शेठनी ठेवली, की यॉम बाईंनी ठेवून त्यांना कळवलं, हे कुणी विचारलं नाही.

मालसुक आयुष्यात पहिल्यांदा त्या गुलाबी टेबलावर आडवी झाली. शस्त्रक्रियेची खूण कमरेवर ताजी होती, त्यामुळे पाठ सोडून बाकीचं घासायचं ठरलं. नवी घासणारी किमहे गावाकडून आलेली, पन्नाशीची, दंडाला चांगली. तिनं उजवा हात, उजवा पाय घासला. हात जरा हलका होता, पण मालसुकनं चालवून घेतलं. ती छताकडे बघत पडली होती. छतावर थेंब जमतात, मोठे होतात, आणि कुणाच्या तरी अंगावर पडतात; हे तिनं सत्तावीस वर्षांत पाहिलंच नव्हतं.

स्पीकर खरखरला.

"ए, किमहेवाली! थंड हौदापाशी काहीतरी सांडलंय म्हणे. आत्ता धू."

नव्या बाईनं हातमोजा काढायला घेतला. मालसुकनं तिचं मनगट धरलं.

"थांब. पागडी दिलीस ना तू?"

"दिली की मावशी."

"देताना शेठ काय म्हणाले? तू कामगार, की स्वतःची शेठ?"

"शेठ. टेबल तुमचं, धंदा तुमचा, म्हणाले."

"मग शेठ लोक फरशी धुतात होय?" मालसुक कुशीवर वळली. "डावी बाजू घे. आणि जोर लाव."